आजी आहे ना!

आमची बाय तेराव्या महिन्यात चालायला लागली. त्याआधी महिनाभर ती पडवीत पांगुळगाडा ढकलत होती. गाडा तिच्या बापाचाच. फणसाच्या लाकडाचा, तीन चाकांचा, इतकी वर्षं माळ्यावर पडलेला. त्याचं एक चाक करकरतं. ती करकर कानावर असली की मी आत निर्धास्त भात बघायची. एका मंगळवारी सकाळी करकर थांबली. बाहेर येऊन बघते तर गाडा भिंतीला टेकलेला आणि बाय पडवीच्या मधोमध एकटी उभी. दोन्ही हात खांद्याच्या वर, पाय फाकलेले, पोट पुढे. एक पाऊल टाकलं, थांबली, दुसरं टाकलं. पाच पावलांवर खांब होता. तिथवर पोचली, खांबाला मिठी मारली आणि माझ्याकडे बघून हसली. मी साखर आणायला आत धावले.

पंधरा दिवसांत तीच पावलं बेड्याकडे, अंगणाच्या फाटकाकडे वळली.

आमचं घर हातखंब्याच्या तिठ्यापासून पालीच्या अंगाला आहे. ज्यांनी हा रस्ता पाहिलाय त्यांना फार सांगायला नको. मुंबई-गोव्याची वाहतूक आणि रत्नागिरी-कोल्हापूरची वाहतूक हातखंबा ते पाली एकाच रस्त्यावरून जाते. शिवाय जयगडकडून निवळीमार्गे येणारे गॅसचे टँकर. पूर्वी ह्या महामार्गाचा नंबर १७ होता, आता ६६. चौपदरीकरणात आमचं पुढचं अंगण गेलं. मोबदला मिळाला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्या अंगणात माझे दीर, नणंदा, माझी दोन मुलं रांगली, शेणानं सारवलेल्या ज्या जमिनीवर पडून कुणाचा गुडघासुद्धा फारसा फुटला नाही, ते आता माझ्या अकरा पावलांचं उरलंय. अकरा पावलं, मग चिऱ्याचा गडगा, आडव्या बांबूंचं बेडं आणि पलीकडे उतार.

त्या दिवशी दुपारचे अडीच वाजले असतील. बाय झोपली म्हणून मी तिच्याशेजारी आडवी झाले आणि माझा डोळा लागला. हॉर्ननं जाग आली तेव्हा शेजारी गोधडी रिकामी. पडवीच्या दोन पायऱ्या ती पालथी होऊन, आधी पाय खाली सोडून उतरते. हे तिला मीच शिकवलं होतं. मी धावत बाहेर आले. ती बेड्याशी उभी होती. दोन्ही मुठींत बांबू घट्ट धरलेला, गाल त्याला टेकलेला आणि जाणाऱ्या ट्रककडे एकटक बघत होती. आदल्या रविवारी मुलानं बेडं सुंभानं बांधून टाकलं होतं. तेवढी एक गाठ मधे होती.

संध्याकाळी सून रत्नागिरीहून आली. तिला मी लपवलं नाही, सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. हातपाय न धुताच बायला मांडीवर घेऊन बसून राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “आई, मी काम सोडू का?”

तिच्या ह्या प्रश्नासाठी मी हे लिहायला घेतलं आहे.

मी ३१ वर्षं अंगणवाडी सेविका होते. ६५ पूर्ण झाल्यावर निवृत्त झाले. गावात अजूनही मला ‘बाई’च म्हणतात. तीन ते सहा वर्षांची किती मुलं माझ्या हाताखालून गेली ह्याचा हिशेब मी ठेवला नाही. काहींची मुलंही पुढे माझ्याकडेच आली. मुलांतलं मला कळतं, असं माझं मलाही वाटायचं. बाय चालायला लागल्यावर लक्षात आलं की जे वय मला कळत होतं ते तीन वर्षांनंतरचं. तीनच्या आतलं मूल अंगणवाडीच्या दाराशी येतं आणि परत जातं. महिन्यातून एकदा लटकत्या काट्याच्या झोळीत घालून त्याचं वजन घ्यायचं, तक्त्यावर ठिपका द्यायचा, हिरव्यात आहे की पिवळ्यात ते आईला दाखवायचं. खाऊची पाकिटं द्यायची. लशीच्या दिवशी नर्सबाई आल्या की निरोप पाठवायचा: नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, दीड वर्षाच्या सुमाराला दुसरा डोस. गृहभेटीची नोंद करायची. पूर्वी रजिस्टरात, २०२१ पासून मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये. ही कामं मी चोख केली आणि ती मोलाची आहेत. पण ते मूल सकाळी नऊ ते संध्याकाळी सात कुणाजवळ असतं, हे मला कुठल्याही रकान्यात कधी लिहावं लागलं नाही.

विचारलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं: आजी आहे ना.

हे शब्द मी आयुष्यभर ऐकले. दिवस राहिलेल्या सुनेला कुणी विचारलं, “पुढे नोकरीचं काय?” की सासू मधेच म्हणते, “मी आहे ना.” मीही म्हटलं होतं. मनापासून म्हटलं होतं आणि आजही म्हणेन. नात सांभाळणं मला जड नाही. बायला सकाळी उन्हात घेऊन बसते, कोमट तेल तळव्यांना चोळते, तेव्हा माझं दुखणं मला आठवत नाही. पण “आजी आहे ना” ह्या भरवशावर आपण एक अख्खी व्यवस्था न उभारता राहिलोय आणि त्या भरवशाखाली जे होतं ते आता जागेवर नाही.

माझी मुलं लहान होती तेव्हा मी त्यांना सांभाळलं, असं मी सांगते, पण ते अर्धंच खरं आहे. त्यांना अंगणानं सांभाळलं. सासूबाई होत्या, त्यांच्या थोरल्या जाऊबाई होत्या, एक नणंद लग्नाची होती, दोन पुतण्या शाळेतून येत. शेजारच्या घरी सहा माणसं, त्याच्या पलीकडे आठ. मूल चालायला लागलं की कुणी ना कुणी पाहतच असायचं. कुणी सूप घेऊन बसलेलं, कुणी आंब्याचा पातेरा गोळा करणारं. एकीचा डोळा लागला तर दुसरी जागी असायची. आज आमच्या वाडीत कुलपं आहेत. ती गणपतीला आणि शिमग्याला निघतात. शेजारच्या घरात एक आजोबा आहेत, त्यांना दिसत नाही. म्हणजे बायच्या बाजूला दिवसभर मी एकटी. पासष्टी ओलांडलेली, गुडघ्यांनी त्रासलेली बाई, आणि समोर थकवा म्हणजे काय ते ठाऊक नसलेलं मूल.

मुलानं एकदा मला एक गोष्ट वाचून दाखवली. न्यूयॉर्कमध्ये कॅरन अ‍ॅडॉल्फ नावाच्या बाई मुलं चालायला कशी शिकतात ह्याचा अभ्यास करतात. २०१२ साली त्यांनी छापलं की बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. मी नातीकडे बघितलं आणि तो आकडा मला पटला. सतरा वेळा पडायचं, म्हणजे सतरा वेळा उठायचं. ह्या वयात मूल तेवढंच काम करत असतं. त्याला दुसरं काही शिकवावं लागत नाही. पडता येईल अशी जागा आणि बघणारं माणूस लागतं. जागा नसली तर आपण त्याला बांधून घालतो. कोणी झोळीतच ठेवतं, कोणी चाकाच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवतं. ह्या बसायच्या वॉकरवर कॅनडानं २००४ साली बंदी घातली, कारण मुलं त्यातून जिन्यावरून कोसळत होती. आपल्याकडे आजही बारशाला तो भेट म्हणून येतो. आम्हालाही आला होता. मुलानं तो परत नेऊन दिला आणि माळ्यावरचा पांगुळगाडा खाली काढला. गाडा मुलाला पुढे ओढत नाही. मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून त्याला ढकलतं, हा त्यातला फरक.

आणि मोबाईल. हेही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की एक वर्षापर्यंत पडदा अजिबात नको, दोन वर्षांच्या आत शक्यतो नकोच. मी स्वतः पालक मेळाव्यात आयांना हे सांगितलेलं आहे, आवाज चढवून सांगितलेलं आहे. आज भाताची पेज उतू जात असते, बाय विळीकडे निघालेली असते आणि घरात तिसरं माणूस नसतं. तेव्हा मी तिच्या हातात मोबाईल देते. दहा मिनिटं. ज्या आयांना मी बोलले त्यांच्यापैकी कितीजणींच्या घरी तिसरं माणूस नव्हतं, हे तेव्हा विचारायला हवं होतं.

आपल्या कोकणात ह्या वयाला आणखीही भीती असतात. चिऱ्याच्या सांदीत लाल विंचू, पावसाच्या तोंडावर फुरशी. रांगतं मूल नेमकं त्याच उंचीवर फिरतं. विंचू चावून मूल दगावल्याच्या गोष्टी लहानपणी आम्ही किती ऐकल्या! महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचवावर वापरून दाखवलं आणि ते मरण मागे हटवलं, त्यांचं ऋण कोकणातल्या प्रत्येक आईवर आहे. पण औषध वेळेत मिळायचं तर मूल का रडतंय ते बघायला कुणीतरी जवळ असावं लागतं.

आता सुनेच्या कामाबद्दल. ती रत्नागिरीत एका औषधाच्या दुकानात कामाला आहे. मालक धरून पाच माणसं. बाळंतपणात तिला अडीच महिने बिनपगारी रजा मिळाली, तीही मालक चांगला म्हणून. २०१७ साली प्रसूती रजेचा कायदा सुधारला, रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. चांगला कायदा आहे. पण दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला मुळात तो लागूच होत नाही. आमच्या भागातल्या बायका जातात कुठे? काजूच्या छोट्या युनिटात, आंबा पेटीत भरायला, खाणावळीत, शिवणाच्या दुकानात, कुणाच्या घरी पोळ्या करायला. ५० माणसं एका छताखाली असलेली जागा त्यांच्यापैकी कितीजणी पाहतात? जिला पाळणाघराची सगळ्यांत जास्त गरज, तिच्यापर्यंत कायदा पोचतच नाही. तिला मिळते ती आजी. आणि आजी नसली तर थोरली मुलगी.

थोरल्या मुलीवरून मला एक आठवण सांगायची आहे. ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

पुष्कळ वर्षं झाली. एक बाई आंब्याच्या हंगामात दीड वर्षाचा मुलगा कडेवर घेऊन माझ्या अंगणवाडीत आली. म्हणाली, “बाई, दुपारपर्यंत ह्याला ठेवाल का? कोपऱ्यात बसेल. भाकरी मी बांधून देते.” माझ्याकडे पटावर तीसच्या आसपास मुलं, मदतनीस एक, खोली एक, संडास नाही. मी नाही म्हटलं. नियमही तसाच होता. ती काही बोलली नाही, गेली. आठवड्यानं शाळेतल्या गुरुजींनी मला विचारलं की तिची मोठी मुलगी का येत नाही. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. ती घरी भावाला सांभाळत होती. हंगाम संपेपर्यंत ती शाळेत आली नाही आणि पावसाळ्यात आली तेव्हा मागे पडली होती. सातवीत तिची शाळा सुटली. मी नाही म्हटलं म्हणूनच ती सुटली असं नाही, हे मला कळतं. पण त्या साखळीतली पहिली कडी माझ्या दारात होती.

ह्याहून मनाला लागणारी गोष्ट म्हणजे, ह्याचं उत्तर मला माहीत असायला हवं होतं. प्रशिक्षणात आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ शिकवल्या होत्या. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्या बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. पानं, बिया, शिंपले हीच साधनं. ‘अंगणवाडी’ ह्या शब्दाचं मूळ तिथलं. देशात २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्राला हेच मराठी नाव मिळालं आणि ते सगळ्या भारतात गेलं. हा भाग आम्ही पाठ केला होता. पण ताराबाईंच्या कामाचा दुसरा भाग आम्ही भराभर वाचून पुढे गेलो. त्यांच्या लक्षात आलं होतं की मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण घरची धाकटी त्यांच्या कडेवर आहेत. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. विकासवाडी म्हणायचे तिला. कोसबाडच्या टेकडीवर ती चालली. थोरल्या बहिणीनं यायचं, भावाला पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत आणि स्वतः पाटी घेऊन बसायचं. पुढे सरकारनं बालवाडी उचलली आणि पाळणाघर टेकडीवरच राहिलं.

अलीकडे काही हालचाल झाली आहे, ती मी नाकारत नाही. केंद्रानं २०२२ मध्ये मिशन शक्तीखाली ‘पालना’ योजना आणली, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिन्यांपासूनची मुलं घ्यायची. लक्ष्य १७ हजार केंद्रांचं. देशात अंगणवाड्या जवळपास १४ लाख. म्हणजे ऐंशीएक अंगणवाड्यांमागे एक. २०२४ मध्ये तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ‘नवचेतना’ नावाचा आराखडाही आला. त्यात महिन्यागणिक बाळाशी काय खेळावं, काय बोलावं ते नीट दिलंय. मी वाचला, मला आवडला. पण तोही मुख्यतः घरी जाऊन आईला सांगायचा आहे आणि दुपारी बारा वाजता सेविका घरी जाते तेव्हा आई कामावर असते.

शेजारच्या कर्नाटकानं २०२३ मध्ये वेगळी वाट धरली. ‘कूसिना मने’, म्हणजे बाळाचं घर. ४ हजार ग्रामपंचायतींत तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी पाळणाघरं काढायची आणि गावातल्याच, रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांना शिकवून तिथे नेमायचं, असं त्यांनी ठरवलं. सगळीकडे ती सारखी चालतात असा माझा दावा नाही. पण ग्रामपंचायतीनं मुलं सांभाळायची ही कल्पना आंबा घाट चढून, कोल्हापूर ओलांडून गेलं की लगेच सापडते.

कुणी म्हणेल, एवढं लहान मूल घरातच हवं, आईची ऊब हवी. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच दहा तासांच्या पाळणाघराच्या बाजूनं मी बोलत नाही. कुणी म्हणेल, मग आईनंच थांबावं. माझ्या मुलाचं तिठ्यावर गॅरेजात काम आहे. सकाळी बायला आंघोळ तोच घालतो, रात्री झोपवतोही तोच, पण दिवसा तो थांबू शकत नाही आणि त्याला कुणी थांब म्हणतही नाही. सुनेच्या पगारातून घराचा हप्ता जातो. तिनं डी.फार्म. केलंय, गोळ्यांची नावं तिला तोंडपाठ आहेत, गिऱ्हाईक तिलाच विचारतं. ती घरी बसली तर तिच्यातलं काय विझेल ते मला दिसतं. मी स्वतः कामाला जात होते म्हणून दिसतं. मी बाहेर पडू शकले, कारण माझ्यामागे भरलेलं अंगण होतं.

म्हणून मी सुनेला सांगितलं, काम सोडायचं नाही. आणि वही काढली.

वाडीत घरोघर गेले. एक ते तीन वर्षांची मुलं, त्यांची आई कुठे जाते, दिवसा कोण बघतं, बघणाऱ्याचं वय काय, एवढंच लिहिलं. एक पान भरलं. एका घरी मुलाजवळ पणजी होती. एका घरी आई मुलाला काजूच्या कामावर सोबत नेते, टरफल फोडताना पाठीमागे बसवते. त्या टरफलातल्या तेलानं मोठ्या माणसाचे हात सोलतात.

त्याच फेरीत ती मुलगी भेटली, त्या वेळी चौथीत असलेली. लग्न होऊन लांज्याकडे गेलेली, माहेरी आली होती. कडेवर मुलगी, बायपेक्षा थोडी लहान. मला बघून तिनं पदर सावरला, लेकीला म्हणाली, “ह्या बाई बघ.” मग मला विचारलं, “बाई, आता एवढ्या लहानांना ठेवून घेतात का हो अंगणवाडीत?”

“अजून नाही,” म्हटलं.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के पैसा महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. बऱ्याच गावांत तो शिलाई मशीन आणि शिबिरांवर जातो. माझी मागणी त्यातूनच सुरू होते. अंगणवाडीशेजारी एक खोली आणि तिला कुंपण घातलेलं, मातीचं, सारवलेलं अंगण. फरशी नको. दोन बायका, गावातल्याच, पगारी; दहा मुलांमागे दोन. सकाळी नऊ ते दुपारी तीन. तिथून पुढे आम्ही आज्या आहोत. येऊन बसायला आम्हीही तयार आहोत, आळीपाळीनं, पैसे न घेता, कारण चारजणी एकत्र बसल्या तर एकीला डुलकी चालते. हे मी अर्जात लिहिलंय, खाली वाडीतल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतलेत. पुढच्या ग्रामसभेत तो द्यायचा आहे.

बेड्याला मुलानं आता लोखंडी कडी बसवली आहे, माझ्या खांद्याच्या उंचीवर. बाय रोज तिथे जाते, वर बघते आणि कडीकडे हात करते.